वाचून दाखवल्याशिवाय सही नाही

कॉम्प्युटर बिघडला म्हणून लोक फोन करतात आणि दारात मी उभी राहिले की माझ्या खांद्यावरून मागं बघतात. मागं फक्त माझी स्कूटर असते. ‘‘साहेब येतायत काय पाठीमागनं?’’ असं विचारतात. सुरुवातीला मला याचा राग यायचा. नंतर मी ‘‘साहेब पिशवीत आहेत’’ म्हणून स्क्रू-ड्रायव्हर बाहेर काढायला लागले. आता केस पिकल्यावर तीच माणसं मला मावशी म्हणतात आणि आधी चहा विचारतात. काम मात्र तेच आहे.

दहिवलीत माझं घर, कर्जतच्या बाजारात एक छोटा गाळा आणि गिऱ्हाईक खोपोली-खालापूरपर्यंत पसरलेलं. त्याआधी मी खोपोलीच्या एका कारखान्यात संगणक विभागात होते. तिथं काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटणारं एक मोठं यंत्र होतं, युनिक्सवर चालणारं. चित्रं नाहीत, माऊस नाही. आज्ञा टाइप करायची आणि उत्तराची वाट बघत बसायचं. कारखाना बंद झाला, यंत्र भंगारात गेलं, पण त्या आज्ञा माझ्या डोक्यातून गेल्या नाहीत. पुढं त्याच घराण्यातलं लिनक्स हाताला लागलं तेव्हा परक्या गावात माहेरचं माणूस भेटावं तसं मला झालं. जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स घालून देणं हा धंदा मी ठरवून धरलेला नाही. तो असा मागनं चालत आला.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कॉम्प्युटर म्हणजे नुसतं घर. ते चालवायला आत एक कारभारी लागतो. आपण बटण दाबलं की कोणतं काम कुणाला सांगायचं, कागद कुठं ठेवायचा, छपाईला काय पाठवायचं, हे तो बघतो. दर काही वर्षांनी बाजारात नवा कारभारी येतो आणि त्याचा खर्च आधीच्यापेक्षा मोठा असतो. जुन्या घराला तो परवडत नाही. मग लोक घरच बदलायला निघतात. लिनक्स हा कमी खाणारा कारभारी आहे. जुनं यंत्र त्याच्या हाताखाली आणखी काही वर्षं निमूट काम करतं, शिवाय दुसऱ्यांच्या पेनड्राइव्हमधून आलेले बहुतेक व्हायरस त्याच्यापुढं हात टेकतात. बस, एवढंच आहे.

एवढं सगळं समजावून सांगितलं की समोरचा मान डोलावतो आणि विचारतो, ‘‘ते ठीक हाय मावशी, पन नॉर्मलवाली नाय का?’’ सगळ्यांकडे असते ती सिस्टीम नॉर्मल आणि माझी ती काहीतरी आजारपणातून उठलेली, असा आमच्याकडे एकंदर समज आहे.

या कामात काही गोष्टी मी ठोकरा खाऊन शिकले. ‘‘आत काही महत्त्वाचं आहे का?’’ या प्रश्नाला माणूस नेहमी ‘‘नाय’’ म्हणतो आणि ते कधीच खरं नसतं. म्हणून आतलं सगळं आधी बाजूला काढून ठेवायचं. नवरात्र संपल्यावर आलेल्या कीबोर्डात अक्षता असणार हे गृहीत धरायचं, कारण खंडेनवमीला कॉम्प्युटरची पूजा साग्रसंगीत होते आणि पंख्याला हळदकुंकूही वाहिलं जातं. आणि पडद्यावरचं चित्र बदलायचं नाही. कडावच्या एका भाताच्या गिरणीवाल्यानं माझ्याकडून नेलेला कॉम्प्युटर तासाभरात परत आणला होता. ‘‘मावशे, हा माझा नाय. माझ्यात गनपती व्हता,’’ म्हणाला. आतलं काम सगळं चालत होतं, सगळ्या फायली जागेवर होत्या, पण गणपती नव्हता. तेव्हापासून मी जुनं चित्र आठवणीनं परत लावते. ते राहिलं तर पहिला फोन त्याचाच येतो.

आणखी एक सवय होती. लिनक्सबरोबर पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम येतो. जुन्या यंत्रात मुळातच जागा कमी, त्यात कुणाचा हात चुकून भलत्या बटणांवर पडला की कॉम्प्युटर एकदम बोलायला लागायचा. शिळफाट्याच्या एका मेडिकलवाल्यानं घाबरून मला फोन केला होता, ‘‘मावशी, यात कोनतरी शिरलंय.’’ म्हणून मी तो प्रोग्रॅम प्रत्येक कॉम्प्युटरमधून आधीच उपटून टाकायचे.

आता शमीमआपांबद्दल. हे त्यांचं खरं नाव नाही. लिहू का म्हणून मी त्यांना विचारलं होतं. ‘‘लिही गं. मी काय आता त्या टेबलावर बसत नाय. पन नाव बदल, आनि छापायला द्यायच्या आगोदर मला वाचून दाखव,’’ म्हणाल्या. त्याप्रमाणे दोन्ही केलं आहे.

आपा खालापूरला कचेरीच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली मराठी टायपिंगला बसायच्या. त्यांचे वडील श्रीवर्धनकडून इकडं आले आणि त्याच जागी टाइपरायटर घेऊन बसायला लागले. त्यांच्यानंतर आपा बसल्या. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला, टेबल तेच राहिलं. वारसाचे अर्ज, रेशनकार्डाची प्रतिज्ञापत्रं, हरवलेल्या दाखल्यांची निवेदनं, असलं सगळं त्या करायच्या. नवरा गेल्यापासून घर त्या टेबलावरच चाललं होतं.

आपांच्या टेबलाची एक पद्धत होती आणि ती आसपासच्या गावांतून सगळ्यांना माहीत होती. तुमचा अर्ज त्या तुमच्या तोंडून ऐकायच्या. कुणी लिहून आणलेला कच्चा कागद पुढं केला तर तो परत सरकवायच्या. ‘‘तूच वाच. मागनं चुकलं म्हनशील तर माझ्यावर येईल.’’ टाइप झाल्यावर छापलेला कागदही तुम्हीच मोठ्यानं वाचायचा. वाचता येत नसेल तर आवारातलं कुणीतरी वाचणारं माणूस धरून आणायचं. तो कागद पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचून झाल्याशिवाय त्या सही किंवा अंगठा करू द्यायच्या नाहीत. घाईतली माणसं कुरकुरायची. पण वकीलसुद्धा म्हणायचे, कागद आपांकडचा असेल तर डोळे झाकून पुढं पाठवावा. मलाही या पद्धतीचं कौतुक वाटायचं, कारण इतर ठिकाणी मागच्या गिऱ्हाइकाचा अर्ज उघडून त्यावरच पुढच्याचं नाव चढवतात आणि बापाचं नाव मागच्याचंच राहून जातं.

त्यांची आणखी एक लकब होती. बोलताना त्या तुमच्याकडे सरळ बघायच्या नाहीत, जरा तुमच्या कानाच्या बाजूला बघायच्या. काहींना ते शिष्टपणाचं वाटायचं. मी त्यावर कधी विचार केला नव्हता.

त्यांचा कॉम्प्युटर म्हणजे गावभरच्या पेनड्राइव्हचं अतिथीगृह होतं. जो येईल तो आपला पेनड्राइव्ह खुपसणार. शेवटी एकदा तो सुरूच होईना. त्याच सुमारास एकजण गाडीच्या डिकीत लॅपटॉप आणि प्रिंटर मांडून कचेरीच्या फाटकाशी उभा राहायला लागला होता. आवारातली टेबलं कमी करणार, ज्यांचं काम बंद दिसेल त्यांची आधी उचलणार, अशीही बोलवा होती. आपा म्हणाल्या, ‘‘वैशाली, मला नवीन घ्यायला लावू नको. आनि टेबल रिकामं ठेवू नको. दोन दिस बंद दिसलं की माझी जागा गेली बघ.’’

मी शनिवारी कॉम्प्युटर उचलून गाळ्यावर आणला, लिनक्स घातलं, फायली परत ठेवल्या, मराठी टाइपरायटरची म्हणून जी तयार कीबोर्डची मांडणी मिळते ती बसवली. सोमवारी कचेरी उघडायच्या आत टेबलावर नेऊन जोडला. गडबडीत त्यांचं जुनं समुद्राचं चित्र लावायचं राहिलं होतं, हे मला तिथं गेल्यावर दिसलं. आपा खुर्चीत बसल्या, कीबोर्डवरनं हात फिरवला, ‘‘बरं,’’ म्हणाल्या. चित्राबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. चला, एक तरी शहाणं गिऱ्हाईक मिळालं, असं मनात म्हणून मी निघाले.

दुपारी फोन आला. ‘‘अगं, बोटं बरोबर पडतायत. कागद भलतंच बोलतोय.’’

म्हणजे असं झालं होतं की एका बाईचा अर्ज आपांनी टाइप केला, छापला आणि नेहमीप्रमाणे तिच्या हातात वाचायला दिला. तिनं बघितलं तर जागोजागी भलतीच अक्षरं. ‘‘आपा, हे काय वो? वाचू कुठून?’’ म्हणाली आणि कागद घेऊन तडक डिकीवाल्याकडे गेली. तिच्या पाठोपाठ आणखी दोघं गेले.

मराठी टायपिंगची मांडणी एकच नसते, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. इंग्रजीत सगळ्या कीबोर्डवर ए जिथल्या तिथं असतो. मराठीत टाइपरायटरच्या कंपन्या वेगळ्या, मग प्रत्येक जुन्या फॉन्टवाल्यानं आपल्या सोयीनं चार अक्षरं इकडची तिकडं केलेली. आपांचा जुना फॉन्ट कुणी बनवला त्याचा पत्ता लागत नव्हता. तयार मांडणी त्यांच्या बोटांशी बरीच जुळत होती, पण बरीच जुळून टायपिस्टचं भागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझा लॅपटॉप घेऊन आपांच्या शेजारी बसले. एकेक अक्षर कुठल्या बटणावर हवं ते विचारून नवी मांडणी लिहून काढायची, असा माझा बेत होता.

‘‘आपा, ज्ञ कुठं आहे?’’

‘‘ज्ञ?’’ आपा विचारात पडल्या. हात मांडीवर होते. ‘‘कुठं हाय बरं... नाय सांगता येत गं.’’

‘‘ळ?’’

‘‘डोक्यात नाय ते. बोटात हाय.’’

मग मी उलट केलं. त्यांना म्हटलं, तुम्ही नेहमीचं टाइप करा, मी बोटं बघते. आपांनी हात ठेवले आणि बोटं आपोआप निघाली : मी खाली सही करणार, वय, व्यवसाय, राहणार, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की... ‘प्रतिज्ञेवर’ आलं तेव्हा उजवा हात जरा वर गेला आणि ज्ञ कुठं राहतो ते मला कळलं. असं करत आम्ही सकाळ काढली. मी ‘बळवंत’ म्हणायचे, त्या टाइप करायच्या, मी नोंद करायचे. ‘क्षेत्र’, ‘श्रीमती’, ‘ऋण’. मला यात मजा यायला लागली होती. फाटकाशी डिकीवाल्याकडे चारजण उभे होते, त्यामुळं आपांना मजा वाटत नव्हती.

नवी मांडणी तयार झाली. ती पेनड्राइव्हवर घेऊन कॉम्प्युटरमध्ये घातली आणि पेनड्राइव्ह काढायला टेबलाखाली वाकले. वर येताना खांदा कशाला तरी लागला. मांडणी चढवली आहे, आता टाइप करून बघा, असं मी वाकल्यावाकल्याच आपांना सांगितलं होतं. मी उठून बसले तोवर त्यांची बोटं धाड धाड चालली होती. नजर पडद्यावर होती.

‘‘हां,’’ आपा म्हणाल्या. ‘‘आता बघ कसं झकास उमटतंय.’’

मी बघितलं. मॉनिटर बंद होता. माझ्या खांद्यानं केबल निसटली होती. काळ्या काचेत आम्ही दोघी दिसत होतो, मी आणि टाइप करणाऱ्या आपा.

आधी मला काही कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा केबल लावायचं सोडून मी त्यांची बोटं बघत राहिले. आपा ओळ संपवून थांबल्या. माझा आवाज येईना हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. त्यांनी हात पुढं करून मॉनिटरच्या मागनं केबल चाचपली. ती लोंबत होती.

‘‘कधीधरनं निसटलीय?’’

‘‘आत्ताच,’’ मी म्हटलं.

‘‘खोटं नको बोलू गं.’’ त्यांनी केबल माझ्या हातात दिली. ‘‘लाव. लोक बघतील.’’

मी लावली. पडद्यावर अक्षरं होती आणि सगळी बरोबर होती. आपांनी आवाज उतरवला. ‘‘मधोमध काळं झालंय. दोन्ही डोळ्यांत. कडंकडंनं दिसतं, मानूस आला-गेला कळतं. अक्षर नाय दिसत. पनवेलच्या डॉक्टरनी सांगितलंय, ह्याच्यापेक्षा वाढू नये एवढंच बघायचं.’’

मला राग आला, हे कबूल करायला हवं. लोकांच्या जमिनींचे, घरांचे कागद, आणि ते न बघता टाइप करायचे? मी ते बोललेही. दबक्या आवाजात, पण बोलले. ‘‘आपा, एखाद्याचं नाव चुकलं तर? सर्व्हे नंबर चुकला तर?’’

‘‘चुकतंच की अधनंमधनं. डोळं होतं तवापन चुकायचं,’’ आपा शांतपणे म्हणाल्या. ‘‘पन वाचल्याशिवाय माझ्या टेबलावरनं कागद गेलाय काय एक तरी? तू बघितलास?’’

मी बघितला नव्हता. जी पद्धत सगळे आपांचा काटेकोरपणा म्हणून सांगायचे, ती अशी आली होती. डोळे जायला लागले तसं त्यांनी आधी कच्चे कागद घेणं बंद केलं आणि मग छापलेला कागद वाचून घेणं सुरू केलं. ज्याचा कागद त्याच्याच डोळ्यांनी तपासायचा. वाचताना कुणी अडखळलं की आपा तिथं थांबवायच्या, ‘‘पुन्हा वाच,’’ आणि चूक असेल ती सुधारायच्या. माझा राग ओसरला. अगदी गेला असं नाही, पण त्याला बसायला जागा राहिली नाही.

‘‘कुनाला बोलू नको गं, बाय माझे,’’ आपा म्हणाल्या. ‘‘आंधळ्या बाईकडनं कोन कागद करून घेनार? हे टेबल गेलं तर मी काय करू?’’

मी बोलणार नाही म्हटलं. मग मला तो प्रोग्रॅम आठवला. पडद्यावरचं वाचून दाखवणारा, जो मी आपांच्या कॉम्प्युटरमधूनही जागा वाचवायला काढून टाकला होता. आम्ही दोघी एका टेबलाशी बसलो होतो, एकीला त्याच्यावाचून अडलं होतं आणि दुसरी तो कचऱ्यात टाकत होती. मला हसूही आलं आणि स्वतःची लाजही वाटली.

परत बसवणं सोपं होतं. त्याला मराठी येतं. म्हणजे येतं असं म्हणायचं. कुणी तरी परदेशात बसून त्याला बाराखडी शिकवली असावी, असं तो बोलतो. मी त्याचा वेग कमी केला, आवाजाची पट्टी खाली आणली, दाबलेलं प्रत्येक अक्षर आणि पूर्ण झालेला प्रत्येक शब्द तो बोलेल असं केलं. नको ते दिखाऊ प्रोग्रॅम काढून त्याला जागा करून दिली. छपाई, साठवण, नवा कागद यांना एकेक बटण नेमून दिलं. आणि एक बारीक इअरफोन आणला, एकाच कानाचा. आपांनी तो कानात घातला, ‘खालापूर’ टाइप केलं आणि इअरफोन बोटानं आणखी आत दाबला.

‘‘काय झालं?’’

‘‘नाकात बोलतंय गं मेलं,’’ आपा म्हणाल्या. ‘‘पन खालापूरच म्हनालं.’’

त्या ‘मेल्या’ला पुढं मास्तर असं नाव पडलं. गिऱ्हाईक हळूहळू परत आलं. आपांनी वाचून घ्यायची पद्धत मात्र सोडली नाही. मास्तर आपल्याला कळेल ते बोलतो, पण ज्याचा कागद त्याचं समाधान झालं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं पडलं. फक्त आवारात एक कुजबूज सुरू झाली, की आपा आताशा कानात गाणी घालून बसतात. शेजारचे स्टॅम्पवाले एकदा मला म्हणाले, ‘‘ह्या वयात काय हा शौक.’’ आपांच्या कानावर ते जायचं. त्या तो समज तसाच राहू द्यायच्या.

पावसाळा सरल्यावर मी एकदा मास्तरचा वेग वाढवून द्यायला गेले होते, कारण आपांना आता तो फार सावकाश वाटायला लागला होता. डोंगरावरच्या वाडीतून आलेला चांगो नावाचा म्हातारा समोर स्टुलावर बसला होता. रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवायचं होतं. त्याच वेळी कचेरीत नवीन आलेले साहेब शेडमधून फेरी मारत आले. कुणाचं टेबल चालतं, कुणाचं नाही, हे बघत होते. आपांच्या टेबलाशी थांबले.

‘‘बाई, कानात काय आहे? कामाच्या वेळी गाणी?’’

शेडमधलं बोलणं थांबलं. स्टॅम्पवाले मान वर करून बघायला लागले. खरं काय ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं, पण त्याच वाक्यानं टेबलही गेलं असतं. मी तोंड उघडलं. आपांनी टेबलाखालून माझा हात दाबला.

‘‘काढते साहेब,’’ त्या म्हणाल्या. त्यांनी इअरफोन कानातून काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात कीबोर्डवर नेले. कीबोर्डवरच्या दोन बटणांना बारीक उंचवटा असतो, बोटांना आपली जागा सापडावी म्हणून. तर्जन्या त्या उंचवट्यांवर टेकल्या. तिथं एका बटणाची जरी चूक झाली असती तर पुढचा सगळा कागद वाया गेला असता, आणि आपांना ते कळायला काही मार्ग नव्हता.

‘‘बोल रं, चांगो. सुनेचं नाव काय? बापाचं नाव काय?’’

चांगो सांगत गेला, आपा टाइप करत गेल्या. साहेब हात मागं बांधून उभे होते. मी पडद्याकडे बघत होते आणि बघवत नव्हतं. एकेक ओळ पुढं सरकत होती. माझ्या नजरेला चूक दिसली नाही, पण माझी नजर तेव्हा ठिकाणावर होती असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. आपांनी छपाईचं बटण दाबलं. प्रिंटरनं कागद बाहेर ढकलला.

आपांनी तो चांगोपुढं धरला. ‘‘वाच.’’

‘‘मला कुठं येतंय वाचाय.’’

मी हात पुढं केला. वाचायला मी होतेच. पण आपांनी कागद माझ्याकडे दिला नाही. मान किंचित वळवून, साहेबांच्या कानाच्या बाजूला बघत त्यांनी तो त्यांच्यापुढं धरला.

‘‘साहेब, तुमीच वाचा जरा मोठ्यानं. ह्याला येत नाय. वाचून दाखवल्याशिवाय माझ्या टेबलावर सही-अंगठा होत नाय.’’

साहेब गोंधळले. मग त्यांनी कागद घेतला आणि वाचायला लागले. सुरुवातीला पुटपुटत, मग चांगोनं ‘‘जरा दमानं वाचा, सायेब,’’ म्हटल्यावर नीट आणि मोठ्यानं. आपा खाली मान घालून ऐकत होत्या. एकदा साहेब अडखळले तशी त्यांची मान वर झाली. पण चूक कागदात नव्हती, वाडीचं नाव साहेबांना नवीन होतं. शेवटपर्यंत वाचून झालं.

‘‘बरोबर हाय?’’ आपांनी विचारलं.

‘‘बरोबर,’’ चांगो म्हणाला आणि त्यानं अंगठा पुढं केला.

साहेबांनी कागद खाली ठेवला. ‘‘प्रत्येकाला असं वाचून दाखवता?’’

‘‘प्रत्येकाला.’’

‘‘चांगली पद्धत आहे,’’ म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. इअरफोनचा विषय परत निघाला नाही. आपा त्या टेबलावर नंतर बरीच वर्षं बसल्या आणि आपल्या मनानं उठल्या. मी तो बोलणारा प्रोग्रॅम आता कुणाच्याच कॉम्प्युटरमधून काढत नाही. कुणी घाबरून फोन केला तर तो कसा गप्प करायचा ते सांगते.

त्या दिवशी चांगो अंगठा करून गेला, शेडमधलं बोलणं परत सुरू झालं, आणि साहेबांची पावलं पार लांब गेल्यावर आपा माझ्याकडे झुकल्या. त्यांच्या कपाळावर घाम होता.

‘‘वैशाली, साहेब दिसायला कसा हाय गं?’’

‘‘म्हातारा नाही. पण जाड भिंगांचा चष्मा आहे. कागद नाकाला लावून वाचत होता.’’

‘‘तरीच,’’ आपा म्हणाल्या. ‘‘एकेक अक्षर नीट वाचलान.’’ मग इअरफोन चाचपून त्यांनी कानात घातला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.